बुकिंगची डायरी आधी, पायाभरणी नंतर

मंगल कार्यालयाची तारीख विचारायला गेलं की मालक आधी डायरी उघडतो. हॉल दाखवणं, जनरेटर आहे की नाही, आचारी त्यांचा की आपला, ही बोलणी नंतर. लाल पुठ्ठ्याच्या त्या डायरीत मुहूर्ताच्या तारखांवर वर्षाच्या सुरुवातीलाच खुणा करून ठेवलेल्या असतात. नुसतं विचारून गेलेल्याचं नाव पेन्सिलीनं, ॲडव्हान्स दिलेल्याचं पेनानं. तुळशीची लग्नं झाली की एकेका तारखेवर तीन-तीन नावं, आणि आषाढ लागला की पानंच्या पानं कोरी. नवं कार्यालय बांधायचं ज्याच्या मनात असतं तो अशा एखाद्या डायरीत डोकावल्याशिवाय जमिनीचा इसार देत नाही. डायरी बघायला मिळालीच नाही, तर आचाऱ्याला चहा पाजून विचारतो, "वर्षाला किती पंगती उठतात हो तुमच्याकडं?"

कोल्हापुरात कन्व्हेन्शन सेंटर, म्हणजे परिषदा आणि प्रदर्शनं भरवायची मोठी इमारत, बांधायचं घाटतंय. त्यावर एवढं बोलून झालं, पण त्यात ही डायरी कुणी उघडलेली मला दिसली नाही. चित्रं बघितली. काचेची दर्शनी भिंत, समोर कारंजं, आणि अशा चित्रांत नेहमी असतात तशी कुठल्याच गावची न वाटणारी माणसं. राजाराम तलावाच्या परिसराचं नाव पुढं आलं, तेव्हा तलावाच्या बाजूनं बोलणारेही उभे राहिले. मग सगळी चर्चा तलाव की सेंटर, पर्यावरण की विकास, अशा दोन तटांत वाटली गेली. मी तलावाच्या बाजूचा आहे, हे सांगून टाकतो. ज्या शहरानं आपली जुनी तळी एकेक करून बुजवली, त्यानं उरलेल्या तळ्याच्या काठावर काँक्रीट ओतताना दहा वेळा थांबावं. गांधी मैदानात पावसाचं पाणी का तुंबतं, हे त्याच्या शेजारच्या वरुणतीर्थ या नावाला विचारलं तर कळतं, तिथं तळं होतं.

पण जागेचा वाद उद्या मिटला, सेंटर शेंडा पार्कात गेलं नाहीतर हायवेच्या पलीकडं गेलं, तरी माझा प्रश्न जिथल्या तिथंच राहतो. बांधायला पैसा मुंबईहून येईल. वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस ते चालवायला पैसा कुठून येणार, आणि चालवणार कोण? आपल्याकडं इमारतीची पायाभरणी होते, उद्घाटन होतं, आणि तिथून पुढं तिच्याकडं बघायला कुणाला वेळ नसतो. कन्व्हेन्शन सेंटरच्या बाबतीत हा उलटा क्रम परवडणार नाही, असं माझं म्हणणं आहे. आधी डायरी भरायला माणूस नेमा, दोन वर्षं त्याला भाड्याच्या हॉलांत आणि मांडवांत काम करू द्या. त्या डायरीत जेवढी नावं पेनानं उतरतील, तेवढंच बांधा.

हे ऐकून कुणी मला सेंटरचा विरोधक समजेल, म्हणून सांगतो, गरज मला माहीत आहे. माझं छोटं वर्कशॉप आहे, फौंड्र्यांना पॅटर्न, म्हणजे ओतकामाच्या साच्यासाठी लागणारा नमुना, बनवून देतो. काही वर्षांपूर्वी आम्ही काही लघुउद्योजकांनी मिळून यंत्रांचं आणि कास्टिंगचं प्रदर्शन भरवलं होतं. शहरातलं एक मैदान भाड्यानं घेतलं, मांडव घातला, खाली लाकडी फळ्यांचा प्लॅटफॉर्म, वर कार्पेट. दुसऱ्या रात्री अवकाळी पाऊस आला. सकाळी जाऊन बघतो तर मांडवाच्या कापडाला जागोजागी पाण्याचे फुगे, आणि एका स्टॉलवरची मिलिंग मशीन एका बाजूनं कललेली. तिच्या खालच्या दोन फळ्या चिखलात रुतल्या होत्या. लाकडी ठोकळे सरकवत, पहारीनं उचलत ती सरळ करायला दुपार झाली. तोवर बेंगळुरूहून आलेले दोन खरेदीदार चक्कर मारून, चिखलाचे बूट झटकत, निघून गेले होते. त्यातल्या एकानं जाताना फार सभ्यपणे विचारलं, "तुमच्या शहरात हॉल नाही का?" आमच्यातल्या एकानं त्याला मिसळ खायला नेलं. मिसळ आवडली म्हणे. ऑर्डर आली नाही.

त्यामुळे छप्पर पाहिजे, याबद्दल माझ्या मनात वाद नाही. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल-हातकणंगले या एमआयडीसींतलं ओतकाम आणि यंत्रभाग, इचलकरंजीचं कापड, हुपरीची चांदी, गूळ, चप्पल, इतकं सगळं तासाभराच्या अंतरात असलेल्या जिल्ह्याला माल मांडायला पक्की जागा नसावी, हे बरं दिसत नाही. २०२५ साली मिलानच्या रॅम्पवर प्राडानं आपल्या कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली तेव्हा केवढा गदारोळ झाला. कोल्हापुरी चपलेला २०१९ सालीच भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. पण परदेशातला खरेदीदार खरंच कोल्हापुरात उतरला असता, तर त्याला शे-दोनशे कारागिरांचं काम एका छपराखाली कुठं दाखवलं असतं?

हे कन्व्हेन्शन सेंटर नावाचं प्रकरण मुळात आलं कुठून, ते बघण्यासारखं आहे. जर्मनीतल्या लाइपझिगची जत्रा मध्ययुगापासूनची. व्यापारी गाड्या भरून माल आणायचे, तिथंच विकायचे. रेल्वे आली, कारखान्यांतून एकसारखा माल निघायला लागला, आणि गाडीभर माल वाहून आणण्याचं कारणच उरलं नाही. एक नमुना दाखवला की ऑर्डर घेता येते. १८९५ साली लाइपझिगनं नमुन्यांची जत्रा सुरू केली आणि मग तिच्यासाठी बहुमजली दालनं उभी राहिली. गर्दी शेकडो वर्षं जुनी होती, इमारती तिच्या मागून आल्या.

लंडनची गोष्ट याच्या उलट्या टोकाची. १८५१ च्या मोठ्या प्रदर्शनासाठी हाइड पार्कमध्ये काच आणि लोखंडाचा क्रिस्टल पॅलेस उभारला. जेमतेम सहा महिन्यांत साठ लाखांवर लोक येऊन गेले, आणि नफ्यातून लंडनमधली मोठी संग्रहालयं उभी राहिली. इतकं यश मिळाल्यावर तो मांडव मोडवेना, म्हणून उचलून सिडनहॅमला नेला आणि कायमचा केला. तिथं त्याची आर्थिक ओढाताण सुरू झाली. १९११ साली दिवाळं निघालं, १९३६ साली तो जळाला. सहा महिने नफ्यात चाललेला मांडव कायमची इमारत झाल्यावर तोट्यात गेला, कारण १८५१ ची गर्दी काही दरवर्षी येत नव्हती आणि काचा मात्र दरवर्षी पुसाव्या लागत होत्या.

अमेरिकेतलं डेट्रॉइट शहर मला यात सगळ्यांत शहाणं वाटतं. १८९६ साली तिथल्या व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. ती हॉलसाठी नव्हती, एका माणसाच्या पगारासाठी होती. त्याचं काम एकच, देशभर फिरायचं आणि निरनिराळ्या संघटनांना सांगायचं की यंदाचं अधिवेशन आमच्या गावात भरवा. डायरी भरणारा माणूस म्हणतो मी, तो हाच. पुढं हा नमुना अमेरिकेतल्या शहराशहरांत गेला, आणि अधिवेशनं वाढली तसे मोठे हॉल आले.

मग एकमेकांकडं बघून बांधायची स्पर्धा लागली. शिकागोचं मॅककॉर्मिक प्लेस १९६० साली उघडलं, १९६७ साली जळालं, १९७१ साली पुन्हा उभं राहिलं. शिकागोला ते परवडतं. तिथं विमानं आहेत, हॉटेलं आहेत, सगळा देश मध्यावर येऊन मिळतो. पण ज्या शहरांकडं यातलं काही नव्हतं, त्यांनीही बांधली. हेवूड सँडर्स नावाच्या प्राध्यापकानं २००५ साली ब्रूकिंग्ज संस्थेसाठी या सगळ्याचा हिशेब मांडला. १९९० पासून अमेरिकेतली प्रदर्शनाची जागा निम्म्याहून जास्त वाढली होती, आणि सगळ्यांत मोठ्या दोनशे प्रदर्शनांना येणारी माणसं मात्र १९९३ इतकीच होती. सल्लागारांच्या अहवालात गर्दी दर वर्षी वाढत जायची, प्रत्यक्षात ती यायची नाही. आणि यायची नाही म्हटल्यावर सल्लागार सांगायचे, तुमचा हॉल लहान पडतोय, अजून वाढवा.

तिथं तोटा सोसायची एक रीत आहे. सेंटर स्वतः नफा कमावत नाही हे गृहीतच धरलेलं असतं. ते हॉटेलांच्या खोल्या भरतं, आणि त्या खोल्यांवरच्या कराचा एक भाग सेंटरच्या खर्चाकडं वळवतात. ही साखळी समजून घ्यायला पाहिजे. हॉटेलातल्या खोल्याच कमी असतील, किंवा त्या कराचा पैसा भलतीकडंच जात असेल, तर तोटा भरून काढणारा शेवटी घरफाळा भरणाराच. बर्लिनसारख्या शहरालाही हा भार पेलला नाही. तिथलं आयसीसी हे कन्व्हेन्शन सेंटर १९७९ साली एवढा मोठा गाजावाजा करून उघडलं होतं, ते २०१४ साली बंद केलं.

आपल्याकडं दिल्लीचं उदाहरण देतात, पण दिल्लीचं गणित वेगळं आहे. विज्ञान भवन १९५६ साली युनेस्कोच्या परिषदेच्या निमित्तानं झालं. प्रगती मैदान १९७२ च्या आशियाई व्यापार मेळ्याचं. त्यातलं हॉल ऑफ नेशन्स, वास्तुकार राज रेवल आणि अभियंता महेंद्र राज या जोडीचं काम, २०१७ साली पाडलं, आणि त्या परिसरात २०२३ साली भारत मंडपम उभं राहून जी-२० परिषद झाली. दिल्लीत सरकार स्वतःच यजमान आणि स्वतःच गिऱ्हाईक असतं, डायरी मंत्रालयंच भरतात. कोल्हापुरात उद्या जी-२० येणार नाही. आपल्याला गिऱ्हाईक शोधावं लागेल.

माणसं जमवण्यात आपण कुणाला हार जाणारे नाही, हा भाग आणखी वेगळा. १८७० च्या दशकात भाऊसिंगजी रोडवर टाऊन हॉल झाला. चार्ल्स मँटनं आखलेली ती गॉथिक इमारत संस्थानातल्या सभासमारंभांची. आज ते वस्तुसंग्रहालय आहे. ब्रह्मपुरीच्या टेकडीवर १९४५-४६ मध्ये उत्खनन झालं, त्यातल्या वस्तू ठेवायला जागा लागली आणि टाऊन हॉल कामाला आला. त्या वस्तूंत ग्रीक समुद्रदेव पोसायडनची वीतभर कांस्यमूर्ती आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी पंचगंगेकाठी बाहेरचा व्यापारी माल येत होता. त्यासाठी तेव्हा कुणी कन्व्हेन्शन सेंटर बांधल्याचा पुरावा अजून तरी खणून निघालेला नाही.

शाहू महाराजांकडं बघा. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणाला विलायतेला गेले, त्या दौऱ्यात रोमचा आखाडा बघितला, आणि १९१२ साली खासबाग मैदान उभं केलं. रोमची नक्कल त्यांना करायची असती तर भिंती आणि कमानी आल्या असत्या. त्यांनी घेतली ती एकच गोष्ट. मधला हौदा खाली आणि बसायची जागा चढत जाणारी, म्हणजे सगळ्यात मागं बसलेल्यालाही पैलवानाचा पट दिसतो. कारण तिथं कोण बसणार हे त्यांना ठाऊक होतं. आधी गावोगाव तालमी होत्या, पैलवानांना खुराक होता, कुस्तीवर जीव टाकणारी रयत होती. मैदान त्यांच्यासाठी झालं.

त्याला लागूनच १९१३ ते १९१५ या काळात पॅलेस थिएटर झालं, आजचं संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह. तिथंही तसंच. नाटक कंपन्या होत्या, प्रेक्षक होते, आश्रय द्यायला दरबार होता, मग इमारत आली. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्या रात्री, ते जळालं. त्या रात्री रस्त्यावर उभं राहून रडणारी माणसं मी बघितली. त्यातली किती माणसं गेल्या दोन वर्षांत तिकीट काढून आत गेली होती, हा प्रश्न तेव्हा विचारण्यासारखा नव्हता. आज विचारतो, आणि त्यात माझंही नाव घालतो. नाट्यगृहाच्या पुनर्बांधणीला सरकारनं पैसे जाहीर केले, ते व्हायलाच पाहिजे होतं. पण शंभरी ओलांडलेलं लाकूडकाम असलेल्या वास्तूत रोज रात्री वायरिंग, अग्निशमनाची टाकी, पडद्यांवरचा ज्वालारोधक लेप, हे कोण बघतं, त्याचा महिन्याचा खर्च किती, याची चर्चा आग लागायच्या आधी शहरानं कधी केली? आगीचं कारण काहीही असो. जुनं एक सभागृह सांभाळता आलं नाही, त्याच्या राखेसमोर उभं राहून दुसऱ्या कितीतरी मोठ्या सभागृहाचं चित्र बघताना मला धडकी भरते.

आणि या शहराच्या परिसरातली सगळ्यात मोठी परिषद कुठं झाली? माणगावात. २१ आणि २२ मार्च १९२०, हातकणंगले तालुक्यातलं एक खेडं. अध्यक्ष अठ्ठावीस वर्षांचे डॉ. आंबेडकर, आणि शाहू महाराज स्वतः तिथं आले. तिथं ना हॉल होता, ना व्हीआयपी लाउंज. जमलेल्या माणसांना एकमेकांची गरज होती, म्हणून परिषद झाली. तसंच बिंदू चौकाचं. फुले आणि आंबेडकरांचे पुतळे तिथं डिसेंबर १९५० मध्ये, बाबासाहेब हयात असताना बसले. त्या चौकातल्या सभेला ना खुर्च्या असतात ना भाडं, तरी निवडणुकीच्या तोंडावर तिथं उभं राहायला जागा मिळत नाही. साहित्य संमेलन कोल्हापुरात १९३२ साली सयाजीराव गायकवाडांच्या आणि १९९२ साली रमेश मंत्रींच्या अध्यक्षतेखाली झालं, इचलकरंजीला १९७४ साली पुलंच्या. कन्व्हेन्शन सेंटर यातल्या एकाही संमेलनाला नव्हतं.

याचा अर्थ मांडवच बरा असा कुणी काढू नये. साहित्य संमेलनाला मांडव चालतो, कारण कवितेला वजन नसतं. (काही कवी असहमत होतील.) सहा टनाच्या सीएनसी मशीनला मांडव चालत नाही.

म्हणून प्रश्न असा की बांधायचं तर नेमकं काय? चित्रांत दिसतं ते दोन-अडीच हजार खुर्च्यांचं, उताराच्या जमिनीचं, भव्य रंगमंचाचं सभागृह. असं सभागृह वर्षातून किती वेळा भरेल? शपथविधीसारखे कार्यक्रम, पुरस्कार, एखादा मोठा गायक, शाळांची स्नेहसंमेलनं. एकदा पक्क्या खुर्च्या उतारावर बसवल्या की तिथं दुसरं काही होत नाही. स्टॉल लावता येत नाही, पंगत बसत नाही. आम्हाला लागतो तो सपाट हॉल. मध्ये खांब नको. जमीन अशी पाहिजे की तिच्यावर फोर्कलिफ्ट फिरला तरी तडा जाणार नाही. ट्रक थेट मागच्या दारापर्यंत आला पाहिजे. थ्री फेज वीज, दाबाची हवा आणि पाणी जमिनीखालच्या चरांतून प्रत्येक स्टॉलपर्यंत मिळालं पाहिजे, नाहीतर कार्पेटवरून वायरी आणि वायरींवरून माणसं. शेजारी पन्नास ते दोनशे माणसांच्या दहा-बारा खोल्या पाहिजेत, सरकत्या भिंती लावून लहान-मोठ्या करता येतील अशा. डॉक्टरांच्या परिषदा, वकिलांच्या कार्यशाळा, डीलरांच्या बैठका या खोल्यांतच होतात. ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात आलंय, सहा जिल्ह्यांतले वकील आणि पक्षकार इथं येतायत. ती मागणी रेटायला वकिलांना चाळीसेक वर्षं लागली. त्यांच्या बैठकांना दीडशे खुर्च्यांची बरी खोली लागते, अडीच हजारांचा दरबार लागत नाही. अशा सपाट हॉलची इमारत बाहेरून गोडाऊनसारखी दिसते. उद्घाटनाच्या फोटोत ती भारी वाटत नाही, आणि माझ्या मते खरी अडचण तिथंच आहे.

डायरीचं साधं गणित मांडून बघू. तीन दिवसांचं प्रदर्शन हॉलला सहा-सात दिवस अडवून ठेवतं. आधी दोन-तीन दिवस स्टॉल उभे करायला, नंतर एक दिवस मोडायला. पावसाळ्याचे चार महिने बाहेरचा प्रदर्शनवाला इकडं फिरकणार नाही. उरले आठ महिने, म्हणजे साधारण दोनशे चाळीस दिवस. त्यात पस्तीसेक प्रदर्शनं बसतात, तीही एकाला एक चिकटून आली तर. आता कोल्हापुरात वर्षाला अशी पस्तीस प्रदर्शनं कोणती, ती नावं कागदावर लिहून बघा. मी लिहिली. ओतकाम, शेतीची अवजारं, दुग्धव्यवसाय, कापडयंत्रं, बांधकाम साहित्य, वाहनं, फर्निचर, शिक्षण, पुस्तकं... अकरा-बाराच्या पुढं मला जाता आलं नाही, आणि त्यातली तीन मी ओढूनताणून घातली होती. बाकीच्या तारखा कशानं भरतील? लग्नांनी. म्हणजे सरकारी पैशानं बांधलेलं मंगल कार्यालय, ज्याच्याशी आमच्या गावातल्या खासगी कार्यालयवाल्यांनी स्पर्धा करायची. पाहुणे खूश होतील, एसी गार असेल, पण यासाठी तलावाकाठची जागा आणि कोट्यवधी रुपये कशाला लागतात?

खोल्यांचा प्रश्नही तसाच. हजार पाहुणे दोन रात्री राहणार असतील तर पाच-सहाशे खोल्या एकाच वेळी लागतात. शनिवार-रविवारी अंबाबाईच्या दर्शनाला येणाऱ्यांनी आणि नवरात्रात तर सगळ्यांनीच हॉटेलं भरलेली असतात. याचा फायदा करून घेता येतो, हे मात्र मला कुणी बोललेलं ऐकू येत नाही. भाविक शनिवारी येतात आणि सोमवारी जातात. परिषदा मंगळवार ते गुरुवार ठेवल्या तर तीच खोली आठवड्यात दोनदा भरेल. असं वेळापत्रक जुळवायला हॉटेलवाले, देवस्थान, विमान कंपन्या आणि रेल्वे यांच्याशी बोलणारा एक पगारी माणूस लागतो. डेट्रॉइटनं नेमला होता तसा.

पुराबद्दल बोलल्याशिवाय कोल्हापुरात कुठल्याच इमारतीबद्दल बोलता येत नाही. २००५, २०१९, २०२१. २०१९ च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ हायवे पाण्याखाली गेला आणि कित्येक दिवस शहर तुटलं. तेव्हा माणसं शाळांत आणि मंगल कार्यालयांत राहिली. मोठ्या हॉलचा खरा उपयोग अशा वेळी कळतो. कोविडच्या काळात शिकागोचं मॅककॉर्मिक प्लेस, लंडनचं एक्सेल, गोरेगावचं नेस्को, सगळी रुग्णालयं झाली होती. कोल्हापूरचं सेंटर उंचावर, पाण्याची पातळी चढली तरी रस्ता चालू राहील अशा ठिकाणी बांधलं आणि पावसाळ्याचे ते कोरे चार महिने पूरग्रस्तांसाठी राखून ठेवले, तर तेवढ्यापुरता तोटा मला मान्य आहे. पण त्यालाही आधी तयारी लागते. २००५ साली कतरिना वादळात न्यू ऑर्लिन्सच्या कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हजारो माणसं आसऱ्याला गेली. डोक्यावर छप्पर होतं. पाणी नव्हतं, अन्न नव्हतं, आत कोण येतंय हे बघायलाही कुणी नव्हतं, आणि माणसं दिवसेंदिवस तिथं अडकली. आपल्या आराखड्यात सांडपाण्याची टाकी, पिण्याच्या पाण्याचा साठा, पाचशे माणसांना पुरतील एवढे संडास, गॅसशिवाय चालणारं स्वयंपाकघर, हे कुणी मागितलंय का, ते आधी बघावं. जनावरं कुठं बांधायची हेही. पूर आला की आपला शेतकरी म्हशीला सोडून हॉलमध्ये येत नाही.

माझी मागणी मोठी नाही. पायाभरणीचा नारळ फोडायच्या आधी दहा वर्षांचा चालवण्याचा अंदाज लोकांसमोर ठेवा. वीजबिल, दुरुस्ती, सफाई, सुरक्षा, व्यवस्थापकाचा पगार, आणि तूट आली तर ती कोणत्या खात्यातून भरणार त्याचं नाव. पाच संघटनांची लेखी हमी आणा, की अमुक वर्षी अमुक दिवस आम्ही हा हॉल भाड्यानं घेऊ. आमची लहानशी संघटनाही त्यात सही करेल, चार दिवसांची. केशवराव भोसले नाट्यगृह पूर्ववत उभं राहू दे, आणि तिथं रात्रपाळीला कोण असतं ते नाव शहराला माहीत असू दे. शाहू स्मारक भवनात आणि विद्यापीठाच्या सभागृहांत आज किती तारखा मोकळ्या जातात, ते मोजा. हे आकडे काढायला एका कॉलेजच्या मुलांना महिनाभर पुरे.

परवा आमच्या मंडपवाल्याकडं गेलो होतो, पुढच्या प्रदर्शनासाठी. फळ्यांचा ढीग त्याच्या शेडमध्ये छताला टेकला होता, त्या पावसात रुतलेल्या फळ्याही त्यातच कुठंतरी असतील. मी त्याला सेंटरचं विचारलं. म्हटलं, झालं तर तुमचा धंदा बुडेल. तो हसला. "साहेब, ते झालं तरी बाहेर पार्किंगला मांडव लागणारच. आणि नाही झालं तरी तुम्ही येणारच." मग त्यानं कानामागची पेन्सिल काढली, नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आमचं नाव लिहिलं, आणि विचारलं, ॲडव्हान्स कधी देताय.